कार्पेट कापताना पातं कुठं सटकतं

बाणेरच्या एका ऑफिसातली बैठकीची खोली. १६ फूट लांब, १३ फूट रुंद. खाली व्हिट्रिफाइड टाइल, भिंतीला ४ इंची स्कर्टिंग, एका भिंतीतून ९ इंच बाहेर आलेला खांब, टेबलाखाली येणारा फ्लोअर बॉक्स (फरशीत बसवलेला वायरींचा डबा) आणि एकच दार. कार्पेट लूपचं, म्हणजे वर धाग्याचे न कापलेले वेढे असलेलं, जाडी जेमतेम दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). टाइलवर सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचं द्रावण, लावून थेट चिकटवायचं होतं. काम अवघड नव्हतं, पण कटर जिथं जिथं दगा देतो ती सगळी ठिकाणं या एका खोलीत होती, म्हणून ते क्रमानं लिहितो.

पहिली चूक रोल मागवतानाच होते. १३ फुटी खोलीला ४ मीटर पन्ह्याचा रोल पुरेल असं वाटतं, कारण ४ मीटर म्हणजे १३ फूट दीड इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दीड इंच, एका भिंतीला सहा सूत. खोली गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात, असेल तर हे चालेल. पुण्यातल्या इमारतींत गुण्यात बसणारी खोली सापडली तर कळवा. १६ फुटांत भिंत अर्धा-पाऊण इंच तिरकी असणं नेहमीचंच, त्यामुळं आधी दोन्ही कर्ण मोजायचे. या खोलीत कर्णांत सव्वा इंचाचा फरक निघाला. म्हणून १२ फूट पन्ह्याचा रोल घेतला आणि खोलीच्या रुंदीत आडवे टाकायला साडेतेरा फुटी दोन तुकडे काढले. एकाचा पूर्ण पन्हा लागला, दुसऱ्यातला साधारण ५ फूट लागला, उरलेला ७ फुटी पट्टा शेजारच्या केबिनला गेला. प्रत्येक भिंतीला ३ इंच जास्त ठेवायचं. हे ३ इंच वाया जाणार म्हणून मालक कुरकुर करतो, पण कटरला चुकायला जागा मिळते ती एवढीच.

हे तुकडे काढताना रोल हॉलमध्ये उघडला. इथं होणारी चूक जुनी आणि महाग आहे. कार्पेट स्वतःवरच उलटं दुमडून पाठीकडून कापतात, आणि पातं खालच्या थरात घुसतं. वरून काहीच कळत नाही. खोलीत अंथरल्यावर मधोमध चार फुटांची चीर दिसते. दुमडलेल्या भागाखाली हार्डबोर्डची पट्टी सरकवायची आणि जसजसं कापत जाल तसतशी ती पुढं न्यायची. पाठीवर सुताची दोरी मारून रेघ काढायची, लोखंडी पट्टी रेघेवर ठेवायची. पट्टी नेहमी ठेवायच्या तुकड्यावर असली पाहिजे आणि पातं वाया जाणाऱ्या बाजूनं पट्टीला घासत गेलं पाहिजे. मग पातं सटकलंच तर रद्दीत सटकतं. या कामात बाकीचे जे नियम आहेत ते बहुतेक याच एका नियमातून निघतात.

आता पात्याबद्दल जरा सविस्तर, कारण निम्म्या चुका तिथंच आहेत.

रविवार पेठेत बोहरी आळीला गेलात तर हवे तितक्या प्रकारचे कटर मिळतील. कार्पेटला १८ मिलिमीटर पात्याचा, धातूची मूठ आणि पातं आवळायला चाकी असलेला कटर घ्या. स्टेशनरीच्या दुकानातला ९ मिलिमीटरचा कटर कागदाला ठीक आहे. कार्पेटच्या पाठीत त्याचं पातं वाकतं आणि सरळ पट्टी लावूनही कड नागमोडी येते. आकड्यासारखं वळलेलं पातं व्हिनाइलला उत्तम, पण लूपच्या कार्पेटवर ते वापरू नका. आकडा लुपात अडकतो आणि ओळच्या ओळ उसवत नेतो. पातं मुठीबाहेर किती काढायचं? कार्पेटच्या जाडीपेक्षा फार तर दोन सूत जास्त. पाऊण बोटभर काढलेलं पातं डुलतं, आणि मोडलं तर त्याचा तुकडा डोळ्याकडं उडतो.

पातं बोथट का होतं हे पाठ उलटून पाहिल्यावर समजतं. लव, म्हणजे वर दिसणारे धागे, ज्या कापडात टोचलेली असते त्याखाली लॅटेक्सचा थर असतो, आणि त्या लॅटेक्समध्ये चुनखडीची बारीक पूड भरलेली असते. म्हणजे प्रत्येक फुटाला पातं पॉलिश पेपरवरून फिरतं. त्यात खाली टाइल किंवा काँक्रीट असेल तर टोक टेकताक्षणी गेलंच. म्हणून आमचा हिशेब सोपा आहे: एका भिंतीला एक टोक (पात्याचा खाचेवर मोडणारा एक तुकडा), जोडाच्या प्रत्येक कडेला नवं टोक, खांबाला आणि दाराला नवं टोक. या खोलीला दहा टोकं लागली. लांब पात्यात साधारण ८ तुकडे असतात, म्हणजे एका पात्यातही काम झालं नाही. जपानच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली हे मोडत जाणारं पातं काढलं, चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा त्यांच्या डोळ्यासमोर होत्या. ज्याची रचनाच मोडण्यासाठी केली आहे ते पातं आपल्याकडं जपून, पुरवून वापरतात. काही रुपयांच्या टोकापायी हजारो रुपयांचं कार्पेट फाटतं.

बोथटपणा डोळ्याआधी कानाला कळतो. धारदार पातं कापताना कापडासारखा सलग सर्र आवाज येतो. पातं थकलं की तो आवाज तुटतो, मध्येमध्ये टक-टक ऐकू येतं. म्हणजे एकेक धागा कापला न जाता तुटतो आहे. त्याच वेळी हातावरचा जोर नकळत वाढलेला असतो. जोर लावून चालवलेलं बोथट पातं सुटतं तेव्हा ते थांबत नाही, आणि डाव्या हाताचा अंगठा बहुधा तिथंच असतो.

दोन्ही तुकडे खोलीत उलगडून, लवेची दिशा जुळवून, एसी चालू ठेवून २४ तास तसेच ठेवले. गुंडाळीची वळणं निघायच्या आत कापलं तर दुसऱ्या दिवशी कड एक तर भिंतीपासून सुटलेली असते, नाही तर फुगलेली. घाई असली तरी ही रात्र वाचवायची नाही.

कार्पेट पसरण्याआधी फ्लोअर बॉक्सची जागा दोन भिंतींपासून मोजून दारावर चिकटपट्टीवर लिहून ठेवली होती, आणि टेप लावून फोटोही काढला होता. बैठकीच्या खोलीत टेबलापर्यंत वायरी जातात, त्या कधी टाइलखालून, कधी नुसत्या पत्र्याच्या पट्टीखालून. बॉक्स शोधायला कार्पेटमध्ये कटर खुपसणं हा वायर कापायचा हमखास मार्ग. त्या भागाचा एमसीबी पाडायचा, माप धरून बॉक्सचा मध्य काढायचा आणि मध्यापासून चारही कोपऱ्यांकडं चिरा द्यायच्या. कोपऱ्याच्या दोन सूत अलीकडं थांबायचं. चारही जिभा आत दुमडून पाहायच्या आणि मग झाकणाच्या चौकटीप्रमाणं बारीक कापायचं. कोपऱ्याकडून मध्याकडं कापत आलात तर सुरुवातीचं टोक कुठं टेकलं हे झाकण बसवल्यावरच दिसतं, आणि तेव्हा ते चौकटीच्या बाहेर असतं.

जोड हा या कामातला सगळ्यांत नाजूक भाग. पुष्कळ ठिकाणी दोन तुकडे एकमेकांवर ३ इंच चढवून वरून एकाच फटक्यात दोन्ही कापतात. लव कापलेल्या कार्पेटला किंवा नीडल पंचला (सुयांनी टोचून केलेल्या नमद्यासारख्या कार्पेटला) ते चालतं. लूपच्या कार्पेटला चालत नाही. लुपांच्या ओळी लांबीच्या दिशेनं जातात आणि तुमची पट्टी कितीही सरळ असली तरी ती १३ फुटांत कुठं ना कुठं एका ओळीतून दुसरीत शिरतेच. जिथं शिरते तिथं लूप अर्धे कापले जातात. असा अर्धा लूप झाडूत, खुर्चीच्या चाकात अडकला की ओळ चेनसारखी उसवत जाते. म्हणून कड ओळीनं कापायची. कारखान्याची दीड इंच कड सोडून एक ओळ निवडायची आणि जाड स्क्रूड्रायव्हरचं बोथट टोक दोन ओळींच्या मधून पूर्ण १३ फूट ओढत न्यायचं. लूप दोन्ही बाजूंना झुकतात आणि मधली वाट उघडी पडते. त्या वाटेनं पातं न्यायचं, पट्टी न लावता. ओळ थोडी वळली तर आपणही वळायचं. दुसऱ्या तुकड्याची कडही अशीच, त्याच्या स्वतःच्या ओळीनं.

इथं पातं अगदी किंचित तिरकं धरायचं. मूठ रद्दीच्या बाजूला झुकलेली, टोक ठेवायच्या तुकड्याच्या पोटाखाली. त्यानं पाठ वरच्या लवेपेक्षा केसभर आखूड निघते आणि दोन कडा भेटल्यावर मध्ये पाठीची पांढरी रेघ डोकावत नाही. हा कोन लक्षात ठेवा, कारण भिंतीजवळ हाच कोन घात करतो.

कापलेल्या कडेला जोडाचं सोल्यूशन लावलं. एक सूत जाडीची रेघ, फक्त पाठीच्या कडेवर. लवेला लागलं तर ती काळवंडते आणि जोड खोलीभर उठून दिसतो. दुसरा तुकडा चिकटवताना केसभर दाब देऊन भेटवला. जोड पूर्ण झाल्यावर तिथून भिंतींकडं सोल्यूशन पसरत, अर्धं-अर्धं दुमडून कार्पेट बसवत गेलो. उघडं राहायचा वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळायचा. एप्रिलमध्ये पंखा चालू असेल तर सोल्यूशनवर साय लवकर धरते. खिडकी मात्र उघडी हवी, आणि आसपास विडी-सिगारेट कुणी पेटवायची नाही.

मधला भाग धरला की मग भिंती. इथं कटर बाजूला ठेवून आधी घडी पाडायची. आम्ही बोथट केलेली ४ इंच रुंद पटाशी वापरतो. स्कर्टिंग आणि फरशीच्या कोनात कार्पेट दाबत न्यायचं, दर वेतभर अंतरावर दोनदा, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. घडी इतकी स्पष्ट झाली पाहिजे की दुरून रेघ दिसावी. बहुतेक आखूड कापलेल्या कडा या अर्धवट दाबलेल्या घडीच्या असतात. घडीखाली पोकळी राहते, पातं त्या पोकळीच्या टोकावरून जातं, आणि नंतर कार्पेट खाली बसलं की भिंतीपाशी एक-दीड सुताची फट उरते. मापानं कापणारेही इथंच फसतात. टेपवर आलेला आकडा भिंतीच्या एका जागेचा असतो, भिंत मात्र पुढं वळलेली असते. घडी भिंतीचं वळण आपोआप घेते.

मग रंगाऱ्याचा पुट्टी भरायचा ६ इंची पत्रा घ्यायचा. तो स्कर्टिंगला टेकवून उभा धरायचा आणि पातं त्याच्या अंगानं न्यायचं. पत्रा डाव्या हातात, बोटं मागं वळवलेली, पात्याच्या वाटेपासून वर. पत्र्यामुळं स्कर्टिंगवर ओरखडे येत नाहीत. पात्याचा कोन साधारण ४५ अंश, मूठ खोलीकडं, टोक स्कर्टिंगच्या तळाकडं. अशी कापलेली कड एखाद-दीड सूत जास्त येते आणि पटाशीनं आत खोचली की घट्ट बसते. मूठ भिंतीकडं झुकली की टोक कार्पेटच्या पोटाखाली जातं, पाठ आखूड होते आणि वरची लव नुसती लोंबत राहते. दिसायला कड भिंतीला टेकलेली असते. पहिल्याच व्हॅक्यूम क्लीनरनं तिथले लूप सुटायला लागतात. जोडाला जो तिरकेपणा हवा होता तोच इथं नको, आणि जोड नुकताच संपवलेला हात सवयीनं तोच कोन धरतो. म्हणून जोडानंतर पाच मिनिटं थांबून मग भिंत घ्यावी.

हा संवाद प्रत्येक कामावर होतो:

"मिस्त्री, इथं दोन सूत जास्त राहिलंय."

"राहू दे. आधी खोचून बघ, मग बोल."

पातं शक्यतो न उचलता एक-एक हाताच्या टप्प्यात ओढायचं. उचलावं लागलंच तर पुढचा कट अर्धा इंच मागं, आधीच्याच चिरेत सुरू करायचा. नव्या जागी टेकवलं की तिथं पायरी येते. एकाच रेघेवरून दोन-तीनदा फिरणं वाईट. प्रत्येक फेरी केसभर बाजूला जाते आणि कडेला धाग्यांची झालर होते. धारदार टोकाला एक फेरी पुरते. पुरत नसेल तर टोक बदला. बसायचं असं की पातं आपल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं मागं येईल. मांडीसमोर ओढलेलं पातं सटकलं की थेट मांडीतच. ज्या हातात कटर नाही त्या हातात कट न लागणारा हातमोजा घालावा. उकाड्यात कुणाला तो नको असतो हे माहीत आहे, तरी डाव्या हाताला एकच मोजा चालवून घ्या.

आतल्या कोपऱ्यात दोन बाजूंचं कार्पेट एकत्र येऊन फुगतं. तिथं वरून खाली एक उभी चीर द्यायची आणि फरशीच्या अर्धा इंच वर थांबायचं. मग दोन्ही पंख भिंतींना लावून घडी पाडायची, उरलेलं अर्धा इंच शेवटी. फरशीपर्यंत एकदम चीर दिली की कोपऱ्यात व्ही आकाराचं भोक पडतं. कोपरा आहे, कोण बघतंय, असं म्हणतात. साफसफाई करणाऱ्या मावशींना ते दुसऱ्याच दिवशी दिसतं.

खांबाचा बाहेरचा कोपरा याच्या उलट. इथं चीर कार्पेटच्या कडेकडून खोलीकडं यायची असते, आणि पातं दोन सूत जास्त आलं तर ती चीर सगळ्यांच्या डोळ्यासमोर, चालायच्या वाटेवर राहते. म्हणून दिशाच बदलायची. पात्याचं टोक आधी खांबाच्या कोपऱ्याच्या दोन सूत अलीकडं, रद्दीच्या बाजूला टोचायचं आणि तिथून बाहेर, कडेकडं ओढायचं. ओढताना हात घसरला तरी तो कार्पेटच्या बाहेर जातो. उरलेले दोन सूत घडी बसल्यावर पात्याच्या नुसत्या टोकानं. खांबाचे दोन्ही कोपरे असे घेतले तर ९ इंचाच्या जिभा आपोआप भिंतीला लागतात.

दार शेवटी. कार्पेटची कड बंद दाराच्या फळीच्या बरोबर मध्याखाली संपली पाहिजे, म्हणजे दार लावल्यावर खोलीतून बाहेरची टाइल दिसत नाही आणि बाहेरून कार्पेट. त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं बसते. पट्टी आधी मोजा, ती कडेला किती झाकते ते पाहा, मग कापा. चौकटीला दोन-तीन खाचा असतील तर प्रत्येक खाचेला एक छोटी चीर, सगळ्या रद्दीच्या बाजूनं. आणि दार एकदा उघडून पाहा. दोन सूत उंची वाढल्यावर ते घासू शकतं. तसं असेल तर सुताराला बोलवून दाराचा तळ रंध्यानं काढून घ्यायचा. दार घासतं म्हणून तिथली लव कातरणारेही भेटतात.

एवढं करूनही चुकलंच तर? खिडकीच्या भिंतीला एके ठिकाणी फूटभर लांबीत दीड सूत आखूड गेलं. सोल्यूशन अजून पक्कं झालं नव्हतं, म्हणून कार्पेट हातभर मागून तळव्यानं भिंतीकडं रेटलं आणि फट भरली. सोल्यूशन पक्कं झाल्यावर हा उपाय नाही. तेव्हा अर्ध्या इंचापर्यंतची फट स्कर्टिंगला पाव गोल बीडिंग (बारीक पट्टी) लावून झाकतात, पण मग ते बीडिंग सगळ्या खोलीला लावावं लागतं, एकाच भिंतीला लावलं तर चुकीची पाटीच होते. त्याहून जास्त आखूड असेल तर तुकडा जोडा. तुकडा किमान ६ इंच रुंद हवा, म्हणजे चांगल्या कार्पेटमधूनही ओळीनं तेवढं कापून काढायचं. बोटभर रुंदीची चिंधी तिथं टिकत नाही, पायानं निघते. मधोमध एखादा लूप कापला गेला तर तो ओढू नका. कात्रीनं लवेच्या पातळीला छाटा आणि टाचणीच्या टोकावर सोल्यूशनचा थेंब घेऊन मुळाशी सोडा.

बोट कापलं तर स्वच्छ फडकं दहा मिनिटं न उघडता दाबून धरायचं, हात वर. बोट वाकत नसेल, पुढचा भाग बधिर वाटत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर मलमपट्टीत वेळ न घालवता दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही डॉक्टरांना सांगायचं.

ज्या ऑफिसांत ५० सेंटिमीटरच्या कार्पेट टाइल असतात तिथं यातलं बरंच सोपं होतं. टाइल उलटी करून पाठीवर खूण, हार्डबोर्डवर पट्टी लावून कट, बस्स. दोन गोष्टी सांभाळा. पाठीवरचा बाण बघितल्याशिवाय कापू नका, नाही तर कडेची टाइल वेगळ्या रंगाची दिसते. आणि डांबरी पाठ असेल तर पातं चिकट होतं, ते दर काही कटांनी फडक्यानं पुसा.

मोडलेली दहा टोकं एका जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत गेली. पक्कडीनं मोडायची, बाटलीच्या तोंडावरच, म्हणजे तुकडा उडत नाही. बाटलीला झाकण, वर चिकटपट्टी आणि मार्करनं 'पाती'. पुण्यात कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या सेविका हातानं वेगळा करतात, सुटं टोक त्यांच्या बोटात जातं. खोलीत अजून एक झाडू मारण्याआधी चुंबक फरशीवरून फिरवला, दाराजवळ एक टोक निघालंच. उरलेल्या कार्पेटमधले दोन मोठे तुकडे गुंडाळून, पाठीवर लवेच्या दिशेचा बाण आणि खोलीचं नाव लिहून ऑफिसच्या स्टोअरमध्ये ठेवले. टेबलाजवळ कुणी तरी चहा सांडणारच आहे.